पाणी नेमकं मुरतंय कुठे

रात्री साडेअकराला मी पाण्याच्या मीटरसमोर मोबाईलचा टॉर्च धरून उकिडवा बसलो होतो. घरातले सगळे नळ बंद, वॉशिंग मशीन बंद, सगळे झोपलेले, आणि मीटरमधलं ते छोटं लाल चाक (आकड्यांच्या खाली नखाएवढं दातेरी चाक असतं ना, ते) हळूहळू फिरतंय. दमल्यासारखं, पण फिरतंय. म्हणजे पाणी कुठेतरी जातंय. आपण एरवी कुणाबद्दल शंका आली की म्हणतो ना, कुठेतरी पाणी मुरतंय, इथे ते अक्षरशः मुरत होतं.

मग फ्लशच्या टाकीत निळ्या शाईचे चार थेंब टाकले आणि वाट बघत बसलो. वीस मिनिटांनी बघतो तर फ्लश न करताच भांड्यातलं पाणी निळसर. टाकीच्या तळातली रबरी झडप झिजलेली. आवाज नाही, थेंब नाही, बाहेर ओल नाही, टाकीतून थेट भांड्यात, भांड्यातून थेट गटारात. मीटरवर घड्याळ लावून मोजलं तर दहा मिनिटांत दोन लिटर. ऐकायला काहीच नाही. पण दिवसाचा हिशोब केला तर २८८ लिटर होतात, आणि तो आकडा बघून मला पहिल्यांदा दक्षिण आफ्रिकेतलं केपटाउन आठवलं, कारण फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली होती. पिणं, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, फ्लश, सगळं मिळून ५०. माझी एक झिजलेली झडप जवळजवळ सहा माणसांचं पाणी रोज गिळत होती.

केपटाउनची गोष्ट बहुतेकांना ‘डे झीरो’ या नावाने माहीत असते. सलग तीन वर्षं पाऊस कमी, धरणं उतरत गेली आणि प्रशासनाने जाहीर केलं की धरणांमधला एकूण साठा साडेतेरा टक्क्यांवर आला की घरांचे नळ बंद, मग शहरात जवळपास २०० ठिकाणी रांगा लावून माणशी २५ लिटर घेऊन जायचं. तारीखसुद्धा ठरली होती, एप्रिल २०१८. ती तारीख मग पुढे पुढे ढकलली गेली आणि शेवटी आलीच नाही. लोकांनी शॉवर सोडले, अंघोळीचं पाणी बादलीत धरून फ्लशला टाकलं, आणि शहराचा रोजचा वापर तीन वर्षांत निम्म्याहून खाली आला. मध्ये एका शेतकरी गटाने आपल्या धरणातलं पाणीसुद्धा शहरासाठी सोडलं. मग जूनमध्ये पाऊस आला.

ही गोष्ट सहसा ‘लोकांनी ठरवलं तर काय होऊ शकतं’ या थाटात सांगतात, आणि ते खोटं नाहीच. पण मला त्यातली दुसरी बाजू जास्त खुपते. एवढं मोठं शहर जवळजवळ पूर्णपणे पावसावर भरणाऱ्या धरणांवर अवलंबून होतं, लोकसंख्या वाढत होती, त्याच धरणांवर आजूबाजूची शेतीही होती, आणि हे सगळं आधीपासून माहीत होतं. म्हणजे माहिती नव्हती असं नाही, बेरीज झालेली नव्हती.

हे मी माझ्या एका मित्राला फोनवर सांगत होतो. तो पाण्याच्या नियोजनाच्या कामात वीसेक वर्षं काढलेला माणूस, बोलायला जरा फटकळ. मी म्हटलं, अरे प्रत्येक देशाच्या शाश्वत विकासाच्या प्लॅनमध्ये पाण्याचं एक प्रकरण असतंच की, मग अशी वेळ येते कशी. तो म्हणाला, “पाण्याचं प्रकरण वाचूच नको तू. ते कायम छानच लिहिलेलं असतं. शेतीचं वाच, विजेचं वाच, घरबांधणीचं वाच, आणि प्रत्येक टार्गेटच्या शेजारी पेन्सिलीने लिही, याला पाणी किती आणि कुठलं. शेवटी बेरीज कर. बस.”

तेव्हापासून हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून ही पोस्ट. आणि पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

बघा, जलसुरक्षा या शब्दाने पटकन डोळ्यासमोर येतो तो नळ. नळाला पाणी आलं की सुरक्षा, नाही आलं की टंचाई. पण संयुक्त राष्ट्रांच्या कामात हा शब्द बराच मोठ्या अर्थाने वापरतात. पुरेसं आणि चांगल्या प्रतीचं पाणी, तेही टिकाऊ पद्धतीने मिळणारं, पोट भरण्यासाठी, आरोग्यासाठी, अर्थव्यवस्थेसाठी, शिवाय प्रदूषणापासून आणि पुरासारख्या संकटांपासून संरक्षण, आणि नद्या-पाणथळ जागा जिवंत राहणं. एवढं सगळं त्यात आलं. २०१५ मध्ये जी १७ शाश्वत विकास उद्दिष्टं ठरली त्यातलं सहावं पाण्याचं, आणि त्याच्या पोटात ६.४.२ नावाचा एक निर्देशांक आहे जो मला सगळ्यात प्रामाणिक वाटतो. तो विचारतो, नद्या-परिसंस्थांसाठी लागणारं पाणी बाजूला ठेवल्यावर उरलेल्या गोड्या पाण्यातलं तुम्ही किती टक्के उपसता? २५ टक्क्यांच्या वर गेलात की ताण सुरू, १०० च्या वर म्हणजे गंभीर. आता १०० च्या वर कसं जाणार असं वाटेल, पण जाता येतं, जमिनीखाली हजारो वर्षांपूर्वी साठलेलं पाणी उपसलं की जातं. कुवेतचा आकडा ३,००० टक्क्यांच्याही वर आहे. आणि जगाची सरासरी मात्र १८ च्या आसपास, म्हणजे वरवर एकदम मजेत. सरासरीवर विश्वास ठेवून कुणी नदीत उतरू नये एवढंच म्हणेन.

आणि हे उपसलेलं पाणी जातं कुठे? जगभरात ७० टक्क्यांच्या वर शेतीत. उरलेलं उद्योग आणि घरं. म्हणजे ज्या खात्याच्या पाटीवर ‘पाणी’ लिहिलेलं असतं त्याच्या हातात प्रत्यक्षात नळ आणि पाइप. खरा निर्णय होतो कुठलं पीक घ्यायचं, त्याला हमी काय द्यायची, पंपाला वीज कितीला द्यायची, कारखाना कुठे टाकायचा, हे ठरवणाऱ्या टेबलांवर, आणि तिथे पाण्याचा माणूस बरेचदा हजरच नसतो. एका बँक खात्यावर घरातल्या पाच जणांनी पाच कार्डं वापरावीत आणि शिल्लक कुणीच बघू नये, तसं काहीसं. कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही.

याचं मला सापडलेलं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे सौदी अरेबियाचा गहू. हो, वाळवंटातला गहू. १९७० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी ठरवलं की धान्यात स्वयंपूर्ण व्हायचं. अन्नसुरक्षेचं टार्गेट म्हणून बघितलं तर यात चुकीचं काय आहे, कुठल्याही देशाच्या प्लॅनमध्ये शोभेल असं टार्गेट आहे. सरकारने गहू चढ्या भावाने विकत घेतला, कर्ज दिली, पंप दिले, आणि वाळवंटात मोठमोठी हिरवी वर्तुळं उभी राहिली, एका टोकाभोवती फिरणारे सिंचनाचे लांब हात असतात त्यांची. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा देश जगातल्या मोठ्या गहू निर्यातदारांमध्ये जाऊन बसला. टार्गेट पूर्ण, टाळ्या. फक्त तो गहू ज्या पाण्यावर पिकत होता ते पाणी हजारो वर्षांपूर्वी, तिथे पाऊस पडायचा तेव्हा, खडकात साठलेलं होतं. एकदा काढलं की परत भरणारं नव्हतं. २००८ मध्ये सरकारनेच ठरवलं की खरेदी टप्प्याटप्प्याने कमी करत २०१६ पर्यंत बंद करायची, आणि ती झाली. म्हणजे अन्नसुरक्षेच्या रकान्यात जमा आणि जलसुरक्षेच्या रकान्यात खर्च, पण दोन रकाने एकाच पानावर नव्हते त्यामुळे तीस वर्षं कुणाला टोटल दिसलीच नाही. किंवा दिसली असेल, बोलायची सोय नसेल.

पुढचा भाग तर अजून भारी आहे. चाऱ्यालाही भरपूर पाणी लागतं, तर तिथल्या एका मोठ्या डेअरी कंपनीने २०१४ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात शेतजमीन विकत घेतली, तिथे लसूणघास पिकवून तो जहाजाने घरी न्यायचा. चारा गेला म्हणजे पाणीच गेलं की. टोनी अ‍ॅलन नावाचे लंडनमधले प्राध्यापक होते, त्यांनी याला ‘आभासी पाणी’ म्हटलं होतं, धान्याच्या पोत्यातून दिसत नसलेलं पाणी एका देशातून दुसऱ्या देशात जातं या अर्थाने. २००८ चा स्टॉकहोम वॉटर प्राइझ त्यांना मिळाला तो याच कामासाठी. नेहमीचं उदाहरण म्हणजे एक कप कॉफी, बी पेरण्यापासून कपात येईपर्यंत १४० लिटर. हे आकडे ऐकून लोक कॉफी सोडायच्या गोष्टी करतात, मला ते जरा बाळबोध वाटतं, कारण १४० लिटर भरपूर पावसाच्या डोंगरउतारावरचे आहेत की आटत चाललेल्या विहिरीतले आहेत यावर सगळं आहे. मित्राच्या पेन्सिलीतला तो दुसरा शब्द, ‘कुठलं’, तो इथे कामाला येतो.

आता अ‍ॅरिझोनाचा विषय निघालाच आहे तर कोलोरॅडो नदी. हे राज्य त्या नदीवर जगणाऱ्या सात राज्यांपैकी एक. १९२२ मध्ये या राज्यांनी बसून नदीचं वाटप केलं, वरच्या भागाला वर्षाला ७५ लाख एकर-फूट, खालच्या भागाला तेवढंच (एक एकर-फूट म्हणजे साधारण सव्वाबारा लाख लिटर). नंतर १९४४ च्या करारात मेक्सिकोला आणखी १५ लाख. आता गंमत अशी की वाटप करताना ज्या वर्षांची मोजणी समोर ठेवली होती ती वर्षं नेमकी जास्त ओली होती. त्यांच्याच सरकारी भूशास्त्रीय खात्यातल्या एका जलशास्त्रज्ञाने, ई. सी. लारू त्याचं नाव, तेव्हाच सांगितलं होतं की नदीत एवढं पाणी नाही. ऐकायला कुणाला आवडलं नाही, कारण मोठा आकडा धरला की वाटपाचं भांडण मिटत होतं. त्या टेबलावर मूळ आदिवासी जमाती नव्हत्याच. २००० सालानंतर नदीचा सरासरी प्रवाह १२५ लाख एकर-फुटांच्या आसपास आलाय आणि कागदावर वाटलेलं १६५ लाख. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ऑगस्ट २०२१ मध्ये तिथे इतिहासात पहिल्यांदा अधिकृत टंचाई जाहीर झाली, आणि टंचाईत कुणी किती कपात सोसायची याचे २००७ मध्ये केलेले नियम २०२६ च्या अखेरीपर्यंतचेच आहेत.

मला या गोष्टीतून एक धडकी भरते ती अशी. आपण समजतो प्लॅन चुकतो तो डेटा नसल्यामुळे. इथे डेटा होता, सोयीचा डेटा निवडला गेला. आणि एकदा का पाण्याचा हक्क कागदावर आला, त्यावर शहरं उभी राहिली, बागा लागल्या, कर्ज निघाली, की मग आकडा चुकला होता हे कबूल करून सुद्धा उपयोग नसतो, कारण प्रत्येकाकडे सही असते.

मध्य आशियातल्या अरल समुद्राबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण पाण्यावर लिहिणारा प्रत्येक जण ते लिहितो. पण प्लॅनिंगचा विषय आहे आणि अरल टाळायचा म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं होईल. १९६० च्या सुमाराला तो जगातला चौथ्या क्रमांकाचा तलाव होता. त्याला पाणी देणाऱ्या दोन नद्या, अमू दर्या आणि सीर दर्या. सोव्हिएत नियोजनाने त्या नद्यांचं पाणी कापसाकडे वळवलं. आणि कापूस पिकला, टार्गेट पूर्ण झालं! तलाव आटणार हे नियोजन करणाऱ्यांना माहीत नव्हतं असंही नाही, त्यांच्या हिशोबात कापसाची किंमत होती आणि तलावाला किंमतच नव्हती, शून्य. मुयनाक नावाचं बंदर होतं तिथे, मासे डबाबंद करायचा कारखाना होता. पाणी मागे गेल्यावर तो कारखाना चालू ठेवायला लांबच्या समुद्रांतून गोठवलेले मासे आणले जात. म्हणजे तलावाच्या काठच्या कारखान्याला दुसऱ्या समुद्राचे मासे. आज तिथे वाळूत गंजलेली जहाजं उभी आहेत, लोक फोटो काढायला जातात. तळातलं मीठ आणि कीटकनाशकं वाऱ्याबरोबर उडून आजूबाजूच्या माणसांच्या फुफ्फुसात गेली तो खर्च तर कुठल्याच पानावर नाही.

एक बरी गोष्टही आहे त्यात. कझाकस्तानने २००५ मध्ये उत्तरेकडचा छोटा भाग सुमारे १३ किलोमीटरचा बांध घालून वेगळा केला, तिथे पाणी अपेक्षेपेक्षा लवकर वाढलं, खारटपणा उतरला, मासे परत आले, मासेमारी परत सुरू झाली. दक्षिणेचा भाग मात्र गेला तो गेलाच.

मग कुणाचं जमलंय का? असं विचारलं की हमखास सिंगापूर समोर ठेवतात. ठेवायलाही हवं, पण कारण नीट समजून. १९४२ मध्ये जपानी सैन्य येतंय म्हणून ब्रिटिशांनी मुख्य भूमीला जोडणारा रस्ता उडवला आणि त्यावरूनच शेजारच्या (आता मलेशियातल्या) जोहोरहून पाण्याची पाइपलाइन येत होती. दोन आठवड्यांत शहर पडलं. १९६५ मध्ये वेगळा देश झाला तेव्हाही पाणी शेजाऱ्याकडूनच. मलेशियाशी दोन करार, एक २०११ ला संपला, दुसरा २०६१ ला संपणार. पाण्यावर एक्सपायरी डेट लिहिलेला देश! त्यामुळे तिथे पाण्याची बेरीज करणं हा छंद नव्हता, जगण्याचा प्रश्न होता. त्यांनी चार ‘राष्ट्रीय नळ’ मांडले: स्वतःच्या जमिनीवर पडणारा पाऊस, आयात, सांडपाणी शुद्ध करून केलेलं ‘न्यूवॉटर’ (२००३ पासून), आणि समुद्राचं गोडं केलेलं पाणी (२००५ पासून). देशाची दोन तृतीयांश जमीन पाणलोट म्हणून वापरतात, म्हणजे रस्ता बांधा, इमारत बांधा, त्यावरचं पावसाचं पाणी जलाशयात जाणार आहे हे धरूनच बांधा. पेन्सिलीने लिहायची गरजच नाही, घराच्या नकाशातच पाणी आलं. पाणीपुरवठा आणि सांडपाणी एकाच संस्थेकडे, त्यामुळे एकाचं ‘घाण’ ते दुसऱ्याचं ‘काम नाही’ असं होत नाही.

पण थांबा. सिंगापूरला शेती जवळजवळ नाहीच, नव्वद टक्क्यांहून जास्त अन्न बाहेरून येतं. म्हणजे ते ७० टक्केवालं ओझं दुसऱ्या देशांच्या प्लॅनमध्ये आहे. त्यामुळे मोठ्या, शेतीवर जगणाऱ्या देशाने ‘आम्ही सिंगापूर करू’ म्हणणं मला तरी पटत नाही. शिकायचं असेल तर ती २०६१ वाली शिस्त शिकावी.

सांडपाण्यावरून आठवलं, लोकांना न्यूवॉटर फार नवीन वाटतं पण नामिबियाची राजधानी विंडहुक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून थेट पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतेय. ‘शी!’ म्हणणाऱ्यांना सांगा की पन्नास वर्षांहून जास्त झालीत.

आता जरा तांत्रिक पण महत्त्वाचं, आणि इथे माझंही आधी चुकत होतं. मला वाटायचं शेतीत ठिबक लावलं की पाणी वाचलं, संपला विषय. तसं नाहीये. पाटाने दिलेल्या पाण्यातलं जे ‘वाया’ जातं त्यातलं बरंचसं जमिनीत मुरून खालच्या विहिरीत किंवा नदीत परत येत असतं, म्हणजे ते खालच्या शेतकऱ्याचं पाणी असतं. ठिबकने ते मुरणं थांबतं, शेतकऱ्याच्या हातात पाणी उरतं, आणि मग तो काय करतो? जे कुणीही करेल तेच, अजून दोन एकर भिजवतो किंवा जास्त तहानेलं पीक घेतो. एकरी वापर कमी, एकूण वापर तेवढाच किंवा जास्त. स्पेनमध्ये ठिबकवर प्रचंड खर्च झाल्यावर हा अनुभव आलाय. म्हणून अनुदान देताना एकूण उपशावर मर्यादा हवी, नाहीतर आपण सरकारी पैशाने पाणी जास्त खर्च व्हायची सोय करतो. यात ठिबक वाईट आहे असं अजिबात नाही, कमी पाण्यात पीक जास्त येतं हे खरंच आहे, फक्त ते वाचलेलं पाणी कुणाच्या खात्यात जमा करायचं हे आधी लिहिलेलं पाहिजे.

आणि जमिनीखालचं पाणी हा तर सगळ्यात मोठा गोंधळ, कारण ते दिसत नाही. धरण उतरलं की पेपरात फोटो येतो, भूजल उतरलं की कुणी तरी बोअर अजून खोल नेतो. जकार्तासारखं शहर खालून पाणी उपसून उपसून खचत गेलं, उत्तरेकडचे भाग समुद्रसपाटीच्या खाली गेले, आणि २०१९ मध्ये इंडोनेशियाने राजधानीच दुसऱ्या बेटावर न्यायचं जाहीर केलं. राजधानी हलवायची कारणं अनेक होती, पण खचणं हे त्यातलं मोठं. लोक उपसा का करत होते? कारण नळाचं पाणी सगळ्यांपर्यंत पोचलेलंच नव्हतं. टोकियोही असंच खचत होतं, काही भाग चार मीटरपेक्षा जास्त खाली गेले. तिथे १९५६ आणि १९६२ मध्ये कायदे करून कारखान्यांचा आणि मोठ्या इमारतींचा उपसा आवळला, त्याच वेळी त्यांना नदीचं पाणी पुरवलं, आणि खचणं थांबलं. नुसतं ‘बोअरला बंदी’ म्हटलं असतं तर काय झालं असतं ते सांगायला नको.

वीज आणि पाण्याचंही असंच आहे. २००३ च्या आणि मग २०२२ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये नद्या इतक्या तापल्या की काही अणुभट्ट्यांना उत्पादन कमी करावं लागलं. ऊर्जेच्या प्रकरणात नदीचं तापमान कुणी लिहून ठेवतं का? आणि उलटं, समुद्राचं पाणी गोडं करायला एका हजार लिटरला साधारण ३ ते ४ युनिट वीज लागते, म्हणजे पाण्याच्या प्रकरणात लिहिलेला प्रत्येक गोडं करण्याचा प्लांट विजेच्या प्रकरणात जाऊन उभा राहतो.

परत माझ्या झडपेकडे येतो, कारण गळतीची एक गोष्ट मला फार आवडते. कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९९३ मध्ये तिथे शुद्ध करून सोडलेल्या पाण्यातलं ७२ टक्के पाणी हिशोबाबाहेर होतं. गळतं, चोरलं जातं, किंवा वापरलं जातं पण बिलच नाही. युद्धातून नुकतंच बाहेर आलेलं शहर, पाइप सडलेले, कर्मचारीच बेकायदा जोडण्या देणारे. एक सोन चान नावाचे इंजिनिअर तिथल्या पाणीपुरवठ्याचे प्रमुख झाले. त्यांनी काय केलं तर, खरं सांगायचं तर काहीच भन्नाट केलं नाही. सगळ्यांना मीटर. चोरीच्या जोडण्या तोडल्या. जे कर्मचारी यात सामील होते त्यांना घरी पाठवलं आणि चांगलं काम करणाऱ्यांना बक्षीस. सरकारी ऑफिसं आणि वजनदार लोक बिल भरत नव्हते, त्यांच्याही मागे लागले. गरीब वस्त्यांना जोडणीसाठी सवलत. काही वर्षांत गळती ६ टक्क्यांच्या आसपास आली, जो आकडा बघून कितीतरी श्रीमंत शहरांनी मान खाली घालावी. २००६ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

नवीन धरण बांधण्यात फीत कापायला मिळते, गळती काढण्यात फीत कुठे कापणार? त्यामुळे गळती प्लॅनमध्ये शेवटच्या पानावर असते. हे माझं मत आहे, चिडून लिहिलेलं आहे, पण आहे.

पैशाचा मुद्दा टाळत होतो, तो आलाच पाहिजे. पाणी फुकट ठेवलं की उधळपट्टी होते, महाग केलं की गरीब मरतो, या दोन टोकांच्या मध्ये सगळे वाद अडकतात. दक्षिण आफ्रिकेचा १९९८ चा जलकायदा मला इथे विचाराने पुढचा वाटतो. त्यात ‘राखीव’ म्हणून एक कल्पना आहे: माणसाच्या मूलभूत गरजेचं पाणी आणि नदी जिवंत राहायला लागणारं पाणी हे आधी बाजूला काढायचं, मग उरलेल्यावर भांडायचं. अंमलबजावणी रडतखडत झाली, हे तिथलेच लोक सांगतात, पण क्रम बरोबर आहे. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, सगळ्यांचं वाटून झालं की नदीला काय उरतं ते बघू.

आणि ज्यांच्या घरी मीटरच नाही त्यांचं काय? संयुक्त राष्ट्रांच्या हिशोबाने २०२२ मध्येही जगात २२० कोटी लोकांना घरात, हवं तेव्हा, सुरक्षित पाणी मिळत नव्हतं. युनिसेफने एकदा अंदाज काढला होता की जगभरातल्या बाया आणि मुली मिळून रोज २० कोटी तास पाणी भरण्यात घालवतात. रोज! शिक्षणाच्या प्रकरणात मुलींची गळती असा मुद्दा असतो, रोजगाराच्या प्रकरणात बायकांचा सहभाग असा मुद्दा असतो, आणि ते तास या दोन्ही ठिकाणी मोजायला हवेत. ते मोजले की मग नळ हा ‘सोय’ या रकान्यातून उठून दुसरीकडेच जाऊन बसतो.

पुराबद्दल काहीच लिहिलं नाही मी, ती वेगळी पोस्ट होईल. एवढंच सांगतो की नेदरलँड्समध्ये १९९५ ला नद्या इतक्या फुगल्या की अडीच लाखांच्या आसपास माणसं हलवावी लागली, आणि त्यानंतर त्यांनी बांध नुसते उंच करत बसण्यापेक्षा काही ठिकाणी मागे सरकवले, नदीला पसरायला जागा दिली. काही शेतकऱ्यांना घरं हलवावी लागली. घरबांधणी, शेती आणि पूर एकाच नकाशावर आणल्याशिवाय हे होत नाही.

मित्राचं ऐकून मी एक प्लॅन खरंच उघडला, कुठल्या देशाचा ते सोडा, कुणाचाही असता तरी चाललं असतं. पेन्सिल घेऊन बसलो. शेतीच्या प्रकरणात सातव्या टार्गेटपर्यंत पोचलो आणि ‘कुठलं’ या शब्दापुढे सात वेळा प्रश्नचिन्ह काढून झालं होतं. फोटो काढून त्याला पाठवला. त्याचं उत्तर आलं, “विजेचं अजून उघडलं नाहीस ना? मग झोप.”

झडप बदलली, दहा मिनिटांचं काम. लाल चाक थांबलं, बघून काय समाधान वाटलं सांगू. परवा रात्री झोपताना सहज टॉर्च मारला तर परत फिरतंय. शाई टाकून बघितली, भांड्यात काही निळं दिसलं नाही. म्हणजे यावेळी टाकी नाही, दुसरंच काहीतरी आहे. शोधतोय.